हिरोशिमाच्या ट्राममधून पहिल्यांदा प्रवास करताना

जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या आखणीत हिरोशिमाच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. सकाळी शिन्कान्सेन या वेगवान आगगाडीने पोचायचे, शांतता स्मारक उद्यान पाहायचे, दुपारी मियाजिमा बेट गाठायचे आणि रात्री ओसाकाला परतायचे, असा तो दिवस असतो. ही ठिकाणे एकमेकांना जोडणारी ट्राम शहरात १९१२ पासून धावते आहे. तरीही तिच्या दारापाशी आलेला नवखा प्रवासी गोंधळतो, कारण कोणत्या दाराने चढायचे, तिकीट कुठे काढायचे आणि पैसे कधी द्यायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि मागे शिस्तीने उभी असलेली रांग त्याच्या निर्णयाची वाट पाहत असते. त्या पहिल्या दिवसाची पूर्वतयारी घरबसल्या करता यावी, म्हणून हे मार्गदर्शन लिहिले आहे.

ट्राम चालवणाऱ्या कंपनीचे पूर्ण नाव हिरोशिमा देन्तेत्सु, पण शहरात सगळे तिला ‘हिरोडेन’ म्हणतात. पत्ता विचारताना हाच शब्द वापरावा. शहरातील मार्ग सुमारे १९ किलोमीटरचे आणि मियाजिमाकडे जाणारा मार्ग सुमारे १६ किलोमीटरचा, असे मिळून जवळपास ३५ किलोमीटरचे हे जाळे जपानमधील सर्वांत मोठे ट्रामजाळे आहे. जपानमधील पहिली विद्युत ट्राम १८९५ मध्ये क्योतोत धावली, पण क्योतोने आपली ट्राम १९७८ मध्ये बंद केली. ओसाकाच्या महापालिकेची ट्राम १९६९ मध्ये आणि कोबेची १९७१ मध्ये थांबली. मुंबईची ट्राम तर त्याआधीच, ३१ मार्च १९६४ रोजी, शेवटची धावली होती. सगळीकडे कारण साधारण एकच होते: मोटारी वाढल्या, त्या रुळांवर येऊ लागल्या, ट्राम त्यांत अडकू लागली आणि वेळेवर न येणाऱ्या ट्रामकडे लोकांनी पाठ फिरवली. हिरोशिमातही १९६३ मध्ये मोटारींना रुळांवरून जाण्याची मुभा मिळाली होती आणि तेथेही ट्राम रेंगाळू लागली होती. मात्र १९७१ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली, रूळ पुन्हा ट्रामला मिळाले आणि ट्राम वाचली. रस्त्याच्या मधोमध मोकळी राहिलेली ती रुळांची पट्टी आजही दिसते. ती ट्रामसाठी राखून ठेवली आहे, हे पादचाऱ्यानेही ध्यानात ठेवावे आणि रूळ ओलांडायचे असतील तर सिग्नलजवळच्या पट्ट्यांवरूनच ओलांडावेत.

स्थानकावर उतरल्यावर

येथे पहिली सावधगिरी हवी, कारण बरीच जुनी प्रवासपुस्तके आणि चित्रफिती आता चुकीची वाट दाखवतात. पूर्वी ट्राम स्थानकाच्या दक्षिणेला, तळमजल्यावरच्या चौकात येऊन थांबत असे. ३ ऑगस्ट २०२५ पासून नवा मार्ग सुरू झाला असून आता ट्राम उंच रुळांवरून थेट स्थानकाच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर येते. (जपानी पद्धतीत जमिनीलगतचा मजला हा पहिला मानतात, म्हणून आपल्या हिशेबाने हा पहिला मजला होतो. उद्वाहकातील आकडे वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.) शिन्कान्सेनचे फलाट स्थानकाच्या उत्तर बाजूला आहेत. तेथून बाहेर पडून दक्षिणेकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, चालत आल्यास ट्रामच्या खुणेच्या पाट्या दिसू लागतात. त्यांच्यामागे जावे.

ट्रामच्या कपाळावर मार्गाचा क्रमांक आणि शेवटच्या थांब्याचे नाव लिहिलेले असते. नाव जपानीबरोबर रोमन लिपीतही असते, पण धावपळीत क्रमांकच उपयोगी पडतो. पाहुण्याला सर्वांत जास्त लागणारे क्रमांक दोन आहेत. २ क्रमांकाची ट्राम शहराच्या मध्यातून, अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या घुमटाजवळून, थेट मियाजिमागुचीपर्यंत जाते. ६ क्रमांकाची त्याच घुमटाजवळून पुढे जाऊन दोबाशीला दक्षिणेकडे वळते आणि एबा येथे थांबते. केवळ घुमट आणि शांतता उद्यान पाहायचे असेल तर या दोहोंपैकी जी आधी येईल ती पकडावी. उतरायच्या थांब्याचे नाव ‘गेन्बाकु डोम-माए’, म्हणजे ‘अणुबॉम्ब घुमटासमोर’. स्थानकापासून तेथपर्यंत पाव तासाहून थोडा अधिक वेळ धरावा.

बंदरावर जाणाऱ्यांची फसगत १ आणि ५ या क्रमांकांमुळे होते. दोन्ही ट्राम हिरोशिमा बंदरालाच जातात, परंतु १ क्रमांकाची हात्चोबोरी, कामियाचो अशा गजबजलेल्या बाजारपेठेतून वळसा घेते, तर ५ क्रमांकाची हिजियामा टेकडीच्या पायथ्याने जाते. बोट पकडायची असेल तर ५, बाजार पाहत जायचे असेल तर १. यादीत ४ हा क्रमांकच नाही, तेव्हा तो शोधत बसू नये.

दार आणि पैसे

मुंबईत वाढलेल्या वाचकाला हा नियम सहज पचावा, कारण बेस्टच्या बसमध्ये मागून चढून पुढून उतरण्याची सवय तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. हिरोशिमाच्या एका डब्याच्या ट्राममध्ये हीच रीत आहे: मागच्या किंवा मधल्या दाराने चढावे, पुढे चालकापाशी येऊन पैसे द्यावेत आणि पुढच्या दाराने उतरावे. चढण्याच्या दाराला ‘इरिगुची’ आणि उतरण्याच्या दाराला ‘देगुची’ म्हणतात. फरक एवढाच की चढल्यावर तिकीट फाडणारा कोणी येत नाही. शहरातील प्रवासासाठी तिकीट हा प्रकारच नाही. पैसे उतरताना एकदाच द्यायचे असतात.

लांब, अनेक भागांच्या जोडट्राममध्ये मात्र पुढे चालक आणि मागच्या बाजूला वाहक असतो. अशा ट्राममध्ये उतरण्याची दारे एकाहून अधिक असतात, म्हणून आत शिरतानाच आपल्याला जवळचे ‘देगुची’ कोणते ते पाहून ठेवावे. तीस मीटर लांबीच्या भरलेल्या गाडीतून शेवटच्या क्षणी पुढे सरकणे त्रासाचे होते, आणि त्या त्रासात इतरांचाही वेळ जातो.

शहरातील भाडे अंतरावर ठरत नाही. एक थांबा जा किंवा दहा, प्रौढांना २०२५ मध्ये २४० येन पडत होते आणि मुलांना त्याच्या निम्मे. भाडे अधूनमधून वाढत आले आहे, तेव्हा चढताना गाडीतील फलक पाहावा. रोख पैसे देणाऱ्याने एक गोष्ट पक्की समजून घ्यावी: चालकाशेजारच्या पेटीत टाकलेले पैसे परत येत नाहीत. पाचशेचे नाणे टाकून उरलेले परत मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. पेटीच्या जवळच सुटे करून देणारे यंत्र असते. त्यात हजाराची नोट किंवा मोठे नाणे घातले की सुटी नाणी खाली येतात. त्यांतून नेमके भाडे मोजून पेटीत टाकायचे असते, म्हणजे काम दोन टप्प्यांचे आहे. हे यंत्र हजार येनपेक्षा मोठी नोट घेत नाही आणि विमानतळावर चलन बदलून घेतलेल्या आपल्या खिशात बहुधा दहा हजारांच्याच नोटा असतात. स्थानकावरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन नोट आधीच मोडून घ्यावी. सुटे करण्याचे काम ट्राम थांब्यावर उभी असताना न करता लाल सिग्नलला थांबलेली असताना उरकावे. शहरातील माणसे तसेच करतात आणि त्यामुळे गाडी वेळेवर चालते.

तोक्यो किंवा ओसाकाहून येणाऱ्यांकडे सुइका किंवा इकोका कार्ड असते. ते येथेही चालते, परंतु त्यात एक मेख आहे. हिरोडेनने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मोबिरी डेज’ नावाची स्वतःची पद्धत आणली आणि मार्च २०२५ मध्ये जुने ‘पास्पी’ कार्ड बंद झाले. मोबिरी डेजचे कार्ड किंवा फोनवरील चौकोनी सांकेतिक चित्र दाखवणाऱ्याला कोणत्याही दाराने उतरता येते. आपल्यापुढचा प्रवासी मधल्या दारालाच यंत्रासमोर फोन धरून उतरून गेलेला दिसला, तर त्याचे अनुकरण करू नये. सुइका-इकोकावाल्यांनी आणि रोख देणाऱ्यांनी चालक किंवा वाहक जेथे असेल त्याच दाराने उतरावे आणि तेथील यंत्रावर कार्ड टेकवावे.

दिवसभराचा पासही मिळतो. तो घ्यावा की नाही हे ठरवण्याची सोपी रीत म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्यांचे भाडे जोडून ते पासच्या किमतीशी ताडून पाहणे. घुमट पाहून मियाजिमाला जाऊन परत येणाऱ्याला तो बहुतेक वेळा परवडतो, केवळ घुमट पाहून परतणाऱ्याला नाही. ट्राम आणि बोट असा एकत्र पासही असतो, त्याविषयी पुढे सांगतो.

बदलून जाणे

नवख्याला आडवळणाचा वाटणारा भाग हा आहे. शुक्केइएन ही जुनी बाग पाहायची असेल तर स्थानकावरून थेट ट्राम नाही. हात्चोबोरीला उतरून ९ क्रमांकाची हाकुशिमाला जाणारी छोटी ट्राम धरावी लागते. अशा ठरावीक थांब्यांवर गाडी बदलणाऱ्याला दुसऱ्यांदा पूर्ण भाडे द्यावे लागत नाही, मात्र रोख देणाऱ्याने ते मागून घ्यायला हवे. पहिल्या ट्राममधून उतरताना भाडे टाकावे आणि चालकाला ‘नोरिकाए’ असे म्हणून पुढच्या थांब्याचे नाव सांगावे. तो बदलपत्राची छोटी चिठ्ठी देतो, आणि दुसऱ्या ट्राममधून उतरताना ती पेटीत टाकावी. चिठ्ठी न मागता उतरल्यास नंतर ती मिळवता येत नाही.

कामियाचोच्या चौकात जरा जास्त लक्ष द्यावे. तेथे दोन थांबे आहेत, चौकाच्या पूर्वेला कामियाचो-हिगाशी आणि पश्चिमेला कामियाचो-निशी. ‘हिगाशी’ म्हणजे पूर्व आणि ‘निशी’ म्हणजे पश्चिम, हे दोन शब्द जपानमध्ये कुठेही उपयोगी पडतात. एका थांब्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी चौक वरून ओलांडण्याचा प्रयत्न करू नये. खाली ‘शारेओ’ नावाचा भूमिगत बाजार आहे, त्यातून पलीकडे निघता येते. हिरोशिमाचा किल्ला पाहायलाही याच चौकातून उत्तरेला चालत जावे.

कोणती गाडी आली ते पाहावे

हिरोशिमात एकाच मार्गावर लागोपाठ येणाऱ्या दोन गाड्यांमध्ये साठ-सत्तर वर्षांचे अंतर असू शकते. इतर शहरांनी ट्राम बंद केल्यावर हिरोडेनने तेथील गाड्या विकत घेतल्या आणि पुष्कळदा त्यांचा मूळ रंग तसाच ठेवला. क्योतोहून आलेल्या १९०० मालिकेतील प्रत्येक गाडीला नाव आहे: गिन्काकु, आराशियामा, निशिजिन, गिओन. ही सगळी नावे क्योतोच्या परिसरातील आहेत आणि ती गाडीवर लिहिलेली दिसतात. जर्मनीतील हॅनोव्हर या भगिनी शहराने भेट दिलेली २३८ क्रमांकाची जुनी गाडीही येथे आहे. दुसऱ्या टोकाला, १९९९ मध्ये जर्मनीहून आणलेली, जमिनीलगत तळ असलेली ‘ग्रीन मूव्हर’ ही पाच भागांची गाडी आहे. तिचा पहिला संच मालवाहू विमानाने आणला होता. २००५ मध्ये त्याच धर्तीवर जपानी बनावटीची ‘ग्रीन मूव्हर मॅक्स’ आली.

वृद्ध आईवडील, चाकांची खुर्ची किंवा बाळगाडी सोबत असेल तर जुन्या गाडीचा मोह टाळावा, कारण तिच्या पायऱ्या उंच आणि दार अरुंद असते. थांब्यावरील फलकावर पुढची गाडी कोणती येते ते दिसते. पाच-दहा मिनिटे थांबून सपाट तळाची गाडी घेतलेली बरी.

आणि मग ६५१ आणि ६५२ या गाड्या. १९४२ मध्ये बांधलेल्या ६५० मालिकेतील या दोन गाड्या ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरात होत्या. ६५१ क्रमांकाची गाडी स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे ७०० मीटरवर होती. ती जळाली, दुरुस्त झाली आणि १९४६ मध्ये पुन्हा रुळांवर आली. अशा गाड्यांना ‘हिबाकु देन्शा’, म्हणजे अणुस्फोट सोसलेल्या ट्राम, असे म्हणतात. त्या दिवशी हिरोडेनच्या १२३ गाड्यांपैकी १०८ गाड्यांची हानी झाली आणि १८५ कर्मचारी मृत्युमुखी पडले. पुरुष युद्धावर गेल्यामुळे १९४३ मध्ये कंपनीने मुलींची शाळा काढली होती. तेथील किशोरवयीन मुली अर्धा वेळ शिकत आणि अर्धा वेळ वाहक म्हणून, पुढे चालक म्हणूनही, काम करत. मृतांमध्ये त्यांच्यापैकीही अनेक होत्या. तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, कोई ते निशि-तेन्मा-चो या छोट्या पट्ट्यात ट्राम पुन्हा सुरू झाली.

या गाड्या आजही प्रवासी घेऊन धावतात, प्रामुख्याने कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी. त्यांना पाहायचे असेल तर रविवारऐवजी कामाचा दिवस निवडावा, सकाळी आठच्या सुमारास थांब्यावर असावे आणि गाडी मिळालीच तर इतर प्रवाशांसारखे बसून जावे. सोबत बसलेली माणसे कामाला आणि मुले शाळेत चाललेली असतात. त्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा रोखू नये. युद्धकाळातील निळ्या-करड्या रंगात पुन्हा रंगवलेली ६५३ क्रमांकाची गाडी मात्र रोजच्या वाहतुकीत नसते, ती विशेष फेऱ्यांसाठी काढतात.

मियाजिमाची वाट

२ क्रमांकाने जाणार असाल तर पश्चिमेकडे तोंड करून डाव्या बाजूला उभे राहावे किंवा बसावे. गेन्बाकु डोम-माए थांबा सुटताच डावीकडे घुमट दिसतो आणि लगेच गाडी आइओई पुलावर चढते. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा हा पूल आकाशातून सहज ओळखू येत असल्यामुळे बॉम्ब टाकणाऱ्यांनी तोच नेम धरला होता. ट्राम आजही त्याच जागेवरून नदी ओलांडते. पुढे तेन्मा-चोपासून निशि-हिरोशिमापर्यंतचा पट्टा येतो, आणि हाच तो तिसऱ्या दिवशी सुरू झालेला भाग. तेव्हाच्या कोई स्थानकाचे आजचे नाव हिरोडेन-निशि-हिरोशिमा. बाहेर साधी घरे, दुकाने, सायकली दिसतात आणि कोणतीही घोषणा होत नाही, म्हणून हे ठाऊक असलेल्यानेच ते पाहायचे.

निशि-हिरोशिमानंतर ट्राम रस्ता सोडून स्वतःच्या रेल्वेमार्गावर शिरते आणि वेग घेते. येथून भाडे अंतराप्रमाणे वाढते, त्यामुळे आपण कोणत्या थांब्यावर चढलो ते नाव लक्षात ठेवावे. स्थानकापासून मियाजिमागुचीला सुमारे सत्तर मिनिटे लागतात, तर जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, आगगाडी तेच अंतर अर्ध्या तासात कापते. माझा सल्ला असा की जाताना ट्रामने जावे आणि उशीर झाला तर येताना आगगाडी धरावी. लहान मुले सोबत असतील आणि गाडीत उभे राहावे लागले तर मात्र सत्तर मिनिटे फार होतात. अशा वेळी दोन्ही वेळा आगगाडीच बरी.

मियाजिमागुचीहून बेटावर जायला बोटीने दहा मिनिटे लागतात, पण तेथे शेजारी-शेजारी दोन कंपन्यांच्या बोटी सुटतात. ट्राम आणि बोट असा एकत्र पास घेतला असेल तर तो मात्सुदाई कंपनीच्या बोटीवर चालतो, आणि जेआरचा रेल्वे पास असेल तर तो जेआरच्या बोटीवर. चुकीच्या रांगेत उभे राहिल्यास पुन्हा पैसे भरावे लागतात. ऑक्टोबर २०२३ पासून बेटावर येणाऱ्या पाहुण्याकडून १०० येन कर घेतला जातो, त्याचीही तरतूद ठेवावी.

सामानाविषयी थोडे. ट्राममध्ये मोठ्या बॅगा ठेवायला जागा नसते, तेव्हा त्या स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून निघावे आणि पाठीवरची पिशवी गाडीत शिरताच पुढे घ्यावी. फोन आवाज बंद करून ठेवावा आणि त्यावर बोलू नये. ट्राम रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून चालत असल्याने मध्येच जोरात ब्रेक लागतो, म्हणून उभ्या प्रवाशाने कडी सोडू नये. उतरायचा थांबा जवळ आला की बटण दाबावे, परंतु गाडी पूर्ण थांबेपर्यंत जागेवरून उठण्याची घाई करू नये. वृद्ध प्रवाशांना चालक स्वतःच तसे सांगतात.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांनी परतीच्या वाटेवर ओकायामाला उतरावे. शिन्कान्सेनने ते सुमारे चाळीस मिनिटांवर आहे. पुण्यातील सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे केले, ती बाग या शहरात आहे. तेथेही १९१२ पासून ट्राम चालते, मात्र तिचे जाळे पाच किलोमीटरहूनही लहान आहे. स्थानकासमोरून हिगाशियामाची ट्राम धरून शिरोशिता थांब्यावर उतरावे आणि नदीच्या बाजूला चालत जावे. मागून चढणे, पुढे येऊन पैसे देणे आणि पुढच्या दाराने उतरणे ही रीत तेथेही तीच आहे.